सेलबोर्नचे गिल्बर्ट व्हाइट

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी इंग्लंडमधील सेलबोर्न या लहानशा खेड्यात झाला. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात त्यांनी पदवी घेतली. पुढे आयुष्याचा बराचसा काळ त्यांनी गावीच धर्मोपदेशकाचे काम करीत घालविला. डोळे, कान आणि रोजची नोंदवही ही त्यांची खरी साधने. दिसायला सारखेच असणारे तीन वटवट्या पक्षी निरनिराळे आहेत, हे त्यांनी त्यांच्या आवाजावरून ओळखले.

भिंगऱ्या एप्रिलमध्ये येत व शरदात दिसेनाशा होत. पाकोळ्या तर ऑगस्टमध्येच जात. त्या जात कोठे? हिवाळ्यात भिंगऱ्या तळ्याच्या तळाशी झोपतात, असे तेव्हा अनेक विद्वानही मानीत. जिब्राल्टरला असलेल्या भावाने त्या समुद्र ओलांडताना पाहिल्याचे कळविले. परंतु सेलबोर्नला कधी कधी नोव्हेंबरातही भिंगरी दिसे. त्यामुळे काही पक्षी येथेच दडून राहत असावेत, ही शंका व्हाइट यांना अखेरपर्यंत सोडवेना. ती त्यांनी लपविली नाही. १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती प्रामाणिकपणे नोंदविली. २६ जून १७९३ रोजी ते निवर्तले.

१९११ साली इंग्लंडमध्ये पायात कडी घातलेली एक भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली आणि कोडे सुटले.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर चुकले तरी नोंद खरी असावी. पालकांनीही मुलांच्या प्रश्नांना गप्प बसवू नये. त्यांच्या हाती एक वही द्यावी.