लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आहेत. कुकडी, मीना आणि घोड या नद्या सह्याद्रीच्या कुशीतून निघून या भागातून पूर्वेकडे वाहत जातात. पश्चिमेस डोंगर व भातखाचरे, तर पूर्वेस सपाट शेतजमीन, अशी येथील भूमीची रचना आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रदेशातील शेतकरी, दख्खनमधील इतर शेतकऱ्यांप्रमाणेच, लाकडी नांगराने आपली जमीन नांगरीत असे. नांगराला लोखंडाचा लहानसा फाळ असे. बाकी सर्व भाग बाभळीसारख्या कठीण लाकडाचा असे. भारी काळ्या जमिनीत असा नांगर ओढण्यास बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या लागत. ज्याच्यापाशी एकच जोडी असे, त्याला शेजाऱ्याचे बैल मागून आणावे लागत. एवढे करूनही हराळी आणि कुंदा यांची खोल गेलेली मुळे जमिनीत तशीच राहत व पावसाळा आला की पुन्हा डोके वर काढीत.

शेतकऱ्याचे हे कष्ट हलके करणारा लोखंडी नांगर ज्यांनी या देशात तयार केला, त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. हजारो शेतकऱ्यांच्या घरी ज्यांचे नाव पोहोचले, असे हे थोर कारखानदार लहानपणी शाळेत मात्र मागे पडलेले विद्यार्थी होते. त्यांच्या अभ्यासाची त्यांच्या घरी मोठी काळजी वाहिली जात होती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी पंडित होते. घरात विद्येला मान होता. मुलाने मन लावून शिकावे, परीक्षा उत्तीर्ण व्हाव्यात आणि घराण्याच्या लौकिकास साजेल असे स्थान मिळवावे, अशी काशिनाथपंतांची इच्छा असणे स्वाभाविकच होते. त्या काळी मध्यम स्थितीतील कुटुंबापुढे मुलाच्या उन्नतीचा दुसरा मार्गही फारसा नव्हता. शाळेत जो टिकला तो नोकरीस लागे. जो टिकला नाही त्याचे पुढे काय होणार, ही चिंता आईबापांना रात्रंदिवस पोखरीत असे.

लक्ष्मणाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकात स्थिर होत नसे. पाठांतर, व्याकरण आणि रोजचा ठरीव अभ्यास यांत त्याला गोडी वाटत नसे. त्याला ओढ होती ती दोन गोष्टींची. एक म्हणजे चित्रे काढणे आणि दुसरी म्हणजे यंत्रे. एखादे यंत्र कसे चालते, त्याचा कोणता भाग कोणत्या भागास फिरवितो, हे जाणून घेण्यात तो रंगून जाई. पुस्तकापुढे क्षणभर न ठरणारे त्याचे मन येथे मात्र हलत नसे.

परंतु शाळेच्या तराजूत या गोष्टींना वजन नव्हते. चित्रकला हा तेव्हा फावल्या वेळचा छंद मानला जाई, आणि यंत्रांची खटपट हे तर सुतार-लोहारांचे काम समजले जाई. त्यामुळे मुलगा अभ्यासाकडे लक्ष देत नाही, एवढेच वडिलांच्या दृष्टीस पडत होते. त्यांना लक्ष्मणाविषयी माया नव्हती असे नव्हे. उलट मायेपोटीच ते कठोर झाले होते. मुलाने शाळा सोडून चित्रकलेच्या मागे लागावे, ही कल्पना त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती.

अशा वेळी त्या घरात आणखी एक वडीलधारी व्यक्ती होती. लक्ष्मणाचे थोरले बंधू रामचंद्रपंत यांना सर्वजण रामूअण्णा म्हणत. धाकट्या भावाचे मन कशात रमते, हे त्यांनी ओळखले होते. हा मुलगा आळशी नाही. त्याला जे आवडते त्यात तो कष्टाला मागेपुढे पाहत नाही, हे त्यांना दिसत होते. वडिलांचा अवमान न करता भावाला वाट करून देणे, ही नाजूक जबाबदारी त्यांनी पत्करली. त्यांनी पैशाचे साहाय्य देऊ केले, आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मण वडिलांच्या मनाविरुद्ध मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

मुंबईत चित्रकलेचा अभ्यास उत्साहाने सुरू झाला. घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्या त्या तरुणाला आपण योग्य तेच केले, हे सिद्ध करून दाखवावयाचे होते. परंतु दोन वर्षांनी त्याच्यावर अकल्पित संकट कोसळले. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. त्याला अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकाराला रंगच ओळखता आले नाहीत, तर त्याने चित्र रंगवावे कसे?

रंगांधळेपणा हा बहुधा जन्मतःच असणारा दोष आहे. डोळ्याच्या आतील पडद्यात रंग ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांपैकी काहींचे कार्य नीट होत नसले, म्हणजे मनुष्याला तांबडा व हिरवा यांसारख्या रंगांत घोटाळा होतो. कितीही मन लावले, कितीही सराव केला, तरी हा दोष जात नाही; आणि म्हणून कोणी त्याबद्दल त्या मनुष्यास दोषही देत नाही. मनाच्या एकाग्रतेचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. काही मुलांचे चित्त एका जागी ठरणे इतरांपेक्षा कठीण असते, आणि त्यामागे त्यांचा हट्ट किंवा आळस असतोच असे नाही, हे आज वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. अशा मुलाला रागावून भागत नाही; पालकांनी व शिक्षकांनी एकत्र बसून, गरज पडल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, त्याला साहाय्य करावे लागते. काशिनाथपंतांच्या काळी हे ज्ञान कोणासही नव्हते. लक्ष्मणाला असा काही दोष होता असे म्हणता येत नाही. पण त्याचे मन शाळेत का रमत नाही, हा प्रश्न त्याच्या घरीही उभा राहिला होता, एवढे खरे.

रंग हातचे गेले, तरी लक्ष्मणराव घरी परतले नाहीत. रंगांवाचूनही रेषा उरतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्याच संस्थेत राहून त्यांनी यांत्रिक रेखाचित्रांचा अभ्यास सुरू केला. यंत्राचा प्रत्येक भाग मापाने, प्रमाणात आणि अचूक रेषांनी कागदावर उतरविणे, ही ती विद्या. तेथे त्यांची चित्रकला आणि त्यांचे यंत्रप्रेम ही दोन्ही एकत्र आली. लवकरच मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नव्या संस्थेत, दरमहा ४५ रुपये वेतनावर, यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्या मुलाविषयी तो शाळेत टिकेल की नाही अशी चिंता होती, तो आता स्वतः शिक्षक झाला होता. शिकविण्याचे काम आटोपल्यावर ते संस्थेच्या कार्यशाळेत जात, यंत्रे खोलून पाहत, ती चालवीत आणि दुरुस्त करीत.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एकदा सायकल पाहिली. त्या काळी ते नवलाचेच वाहन होते. त्यांनी बेळगावात रामूअण्णांच्या सहकार्याने सायकलींचे लहानसे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवीत, आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत व गिऱ्हाइकांना चालविण्यासही शिकवीत. दुकानाला नाव दिले किर्लोस्कर ब्रदर्स. ज्या भावाने एकेकाळी पाठीवर हात ठेवला होता, त्याचे नाते त्या पाटीवर कायमचे कोरले गेले.

पुढे संस्थेत बढतीची संधी आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. गुणांपेक्षा वंशाला महत्त्व देणारा हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला.

नांगर तयार झाले. पण ते घ्यावयास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक करपते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या हातांना हे नवे आऊत परके वाटत होते. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून राहणे, भांडवल अडकणे आणि लोकांचे हसू सहन करणे, हे कोणासही सोपे नाही. परंतु लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना दोष दिला नाही. ज्याचे पोट एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूस भितो, हे त्यांना समजत होते. त्यांनी धीर धरला. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथून टाकतो आणि तणांची मुळे उपटून काढतो, हे शेतात दिसू लागले, तेव्हा लोकांचा विश्वास हळूहळू बसू लागला.

धंद्याचा जम बसतो न बसतो तोच दुसरे संकट आले. कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी हवी म्हणून ती सोडण्याचा हुकूम झाला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला उजाड माळ होता. पाण्याची टंचाई होती. १९१० साली लक्ष्मणराव मोजक्या सहकाऱ्यांसह व त्यांच्या कुटुंबांसह तेथे राहावयास गेले. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना उभारला, घरे बांधली, झाडे लावली. आज सांगली जिल्ह्यात असलेले किर्लोस्करवाडी हे गाव असे जन्मास आले. भारतातील सुरुवातीच्या उद्योगनगरींपैकी ही एक होय.

या वसाहतीत माणसांची पारख कशी होत असे, हे पाहण्यासारखे आहे. प्रमाणपत्र काय आहे यापेक्षा मनुष्याच्या हाती काय आहे आणि त्याचे मन कशात आहे, हे लक्ष्मणराव पाहत. शंभूराव जांभेकर हे कोणतेही यंत्र दुरुस्त करणारे कुशल कारागीर होते. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती. तेही येथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. तुरुंगवास भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले, आणि त्या दोघांनी तो विश्वास सार्थ केला. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यतेस थारा दिला नाही. स्वतः एकदा कमी लेखले गेलेल्या मनुष्याने इतरांना कमी लेखू नये, हा धडा त्यांनी आचरणातून शिकविला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणारे लोखंड, कोळसा व रंग मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा मिळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर करण्यात आले. ज्या धातूने एकेकाळी माणसे मारली, तोच आता धान्य पिकविण्याच्या कामी आला.

शिक्षणाविषयी लक्ष्मणरावांची दृष्टीही समजून घेण्यासारखी आहे. शाळेत आपले मन रमले नाही, म्हणून त्यांनी विद्येला कधी तुच्छ लेखले नाही. उलट जन्मभर ते शिकतच राहिले. आपला मुलगा शंतनुराव याला त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रसंस्थेत यंत्रविद्या शिकण्यासाठी पाठविले. शंतनुराव १९२६ साली तेथून पदवी घेऊन परतले आणि वडिलांच्या कामास त्यांनी मोठे रूप दिले. नांगरापाठोपाठ पाण्याचे पंप व तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली. १९४६ साली पुण्यात इंजिनांचा मोठा कारखाना निघाला. जेथे पूर्वी पहाटेपासून बैल मोट ओढीत, तेथे विहिरीवर इंजिनाचा आवाज घुमू लागला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

काशिनाथपंतांना मुलाचे चुकलेले लक्ष दिसले. रामूअण्णांना ते लक्ष कोठे लागले आहे हे दिसले. दोघांचेही प्रेम खरे होते. परंतु एकाच्या काळजीने मुलाची वाट अडली असती, आणि दुसऱ्याच्या विश्वासाने ती मोकळी झाली. ज्या मुलाचे मन वर्गात ठरत नाही, त्याचे मन कोठे तरी ठरत असतेच. ते ठिकाण शोधून काढणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे. आणि ते सापडल्यावर तेथे कष्टाने पाय रोवून उभे राहणे, हे त्या मुलाचे काम आहे. लक्ष्मणरावांनी आपल्या वाट्याचे काम जन्मभर केले.