सर चंद्रशेखर वेंकट रामन

नागपूर शहराच्या पूर्वेस आमचे कळमना आहे. कलकत्त्याकडील लोहमार्ग याच बाजूने नागपुरात येतो. या नागपुरास इ. स. १९१० च्या सुमारास सरकारी हिशेबखात्यातील एक तरुण अधिकारी बदलून आला. कचेरीचे काम तो चोख करी. परंतु त्याचे चित्त गुंतले होते ते नाद व प्रकाश यांच्या शास्त्रात. पुढे जगद्विख्यात झालेले सर चंद्रशेखर वेंकट रामन ते हेच होत. त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

रामन यांचा जन्म तिरुचिरापल्लीजवळ ७ नोव्हेंबर १८८८ रोजी झाला. वडील अध्यापक होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ साली, त्यांचा पहिला शास्त्रीय निबंध विलायतेतील मासिकात प्रसिद्ध झाला. परंतु त्या काळी केवळ शास्त्रावर निर्वाह होणे कठीण होते. म्हणून १९०७ साली त्यांनी हिशेबखात्याची नोकरी पत्करली. कलकत्त्यास महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेत ते कचेरीपूर्वी व कचेरीनंतर प्रयोग करीत. रंगून व नागपूर येथे बदली झाली तेव्हा ती प्रयोगशाळा दुरावली. तथापि घरीच प्रयोग मांडून त्यांनी अभ्यास चालू ठेविला.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांस प्राध्यापकपद देऊ केले. पगार बराच कमी होता आणि सरकारी नोकरीतील बढती सोडावी लागणार होती. रामन यांनी ती निःशंकपणे सोडली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागलेल्या शोधाबद्दल १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्या सन्मानानंतरही त्यांचे कुतूहल ओसरले नाही. शिंपलीच्या आतील बाजूस इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. ते कोठून येतात, याचा त्यांनी बंगलोरास कसून अभ्यास केला. शिंपलीत रंगद्रव्य नसते. तीत चुन्याच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे समान अंतराने एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक पापुद्रा थोडाच प्रकाश परतवितो. परंतु ज्या रंगाची लहर त्या अंतराशी जुळते, तिचे सर्व परतलेले अंश एकमेकांस साहाय्य करितात व तो रंग झळकतो. रॅले यांनी पूर्वी अभ्यासिलेले पोटॅशियम क्लोरेटचे स्फटिक आणि ओपल रत्न यांचेही रंग रामन यांनी पुढे तपासले.

रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजी निवर्तले. आज शास्त्रज्ञ केसाच्या शतांशाहूनही बारीक तारा बनवितात व तीत समान अंतरावर खाचा पाडितात किंवा दोन पदार्थ आलटून पालटून भरितात. हे अंतर तारेतील प्रकाशलहरीच्या निम्म्याइतके ठेविले, म्हणजे तेवढाच रंग मागे फिरतो व इतर पुढे जातात. अशा रीतीने तारेतच आरसा तयार होतो, आणि दोन टोकांस असे आरसे ठेवून अतिसूक्ष्म लेसर रचिता येतो. शिंपलीतील नियम तोच येथे कामास आला आहे.

विद्यार्थ्यांनो, नागपुरात असताना रामन यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. फावला वेळ व प्रबळ जिज्ञासा होती. नदीकाठच्या वाळूत चकाकणारी शिंपली आपणांसही सापडते. ती उन्हात फिरवून पाहावी, आणि रंग का बदलतो हे पालकांनीही मुलांस अवश्य विचारावे.