पक्ष्यांचे कैवारी डॉ. सलीम अली

आपल्या देवांजवळ एखादा प्राणी किंवा पक्षी असतोच. बाप्पाजवळ उंदीर, कार्तिकेयाजवळ मोर, विष्णूजवळ गरुड. आरतीच्या वेळी आपण त्यांनाही हात जोडतो. पण रानातल्या पशुपक्ष्यांना जगता यावे म्हणून आपल्या देशात कायदा करावा लागला. त्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. सलीम अली यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र फार लवकर हरपले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातीही छऱ्याची बंदूक आली. एकदा त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. त्या मुलाला आयुष्याची वाट तिथेच सापडली.

ही वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने हवी ती नोकरी मिळेना. बर्लिनला जाऊन ते पक्षिशास्त्र शिकले. परत आले तर संग्रहालयातली जागाच रद्द झालेली. मग अलिबागजवळ किहीमला राहून १९३० साली त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्यामुळे त्यांचे नाव झाले. पुढे संस्थानोसंस्थानी फिरून पक्ष्यांची नोंद केली. आपल्या गुजरातेत कच्छच्या रणातल्या रोहित पक्ष्यांपासून डांगच्या जंगलापर्यंत ते हिंडले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि सामान्य माणूस पक्षी ओळखू लागला.

अभ्यासासाठी त्यांनी स्वतः पक्षी मारले होते, हे त्यांनी कधी लपवले नाही. पण अभ्यासासाठी मोजके पक्षी घेणे वेगळे आणि मौजेखातर कत्तल करणे वेगळे. भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉयच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले होते. स्वातंत्र्यानंतर त्या पाणथळ जागेवर शेती करण्याची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली. ती जागा वाचली आणि पुढे राष्ट्रीय उद्यान झाली.

१९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. त्यात त्यांच्याच संस्थेच्या हुमायून अब्दुलालींचा मोठा वाटा होता. आपला सुरत जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता, म्हणजे तो कायदा इथेही लागू होता. पुढे १९७२ मध्ये सबंध देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला.

माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, म्हणजे त्याच्याकडे लक्ष जाऊन तो वाचेल, असे सलीम अलींना वाटे. १९६३ साली मान मोराला मिळाला. आज मोर आपल्या शेतांतून दिसतो, पण सोलापूरजवळच्या नान्नजला आणि कच्छमध्ये माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही उरलेला नाही. त्यांची काळजी किती रास्त होती, हे यावरून कळते.

१९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी संस्थेच्या कामाला दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नेमले गेले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मी सरकारी नोकर आहे. कायदा राजपत्रात छापला म्हणजे काम संपत नाही, हे रोज पाहतो. लोकांनी तो आपला मानला तरच तो चालतो. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. घोरपड मारणे आणि तिचे तेल विकणे हाही गुन्हाच. कामरेजच्या बाजारात किंवा शेजारच्या गॅलरीत असे काही दिसले, तर आधी समजावून सांगावे आणि न ऐकल्यास वनखात्याला कळवावे. एवढे केले तरी सलीम अलींच्या कामाला आपला हातभार लागेल.

गणपती बाप्पा मोरया!