गल्ला आणि गुणवत्ता

चित्रपटाचे मोल तिकीटविक्रीवरून ठरवावे की गुणवत्तेवरून, हा वाद जुनाच आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचे चरित्र या वादावर लख्ख प्रकाश टाकते.

१८९० साली जन्मलेल्या बाबूराव मेस्त्रींना कलेची दीक्षा घरातच मिळाली. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता 'पेंटर' हेच त्यांचे नाव होऊन बसले. मूकपटाच्या वेडाने झपाटलेले त्यांचे आप्त व सहकारी आनंदराव पेंटर १९१६ मध्ये निवर्तले. तेव्हा अर्धवट राहिलेला कॅमेरा बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० च्या 'सैरंध्री'ने तिचा लौकिक सर्वत्र पसरला. १९२३ च्या 'सिंहगड'लाही लोकांनी गर्दी केली. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी स्वतः भित्तिपत्रके रंगविणाऱ्या बाबूरावांना प्रेक्षक कसा खेचावा, हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

असा हा यशस्वी निर्माता १९२५ मध्ये 'सावकारी पाश'कडे वळला. त्यात ना देव होते, ना राजे. होता तो कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी. ही भूमिका तरुण शांतारामांनी केली. जाणकारांनी चित्रपट वाखाणला. पण पौराणिक वैभवाला सरावलेल्या प्रेक्षकाने पाठ फिरविली. पुढच्याच वर्षी कंपनीला 'भक्त प्रल्हाद' काढून जुन्या वाटेला लागावे लागले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी बाहेर पडून 'प्रभात'ची स्थापना केली आणि लवकरच मूळ कंपनीचा कारभार आटोपला.

हिशेबाच्या वहीत 'सावकारी पाश' तोट्यातच राहील. परंतु सामाजिक प्रश्न पडद्यावर मांडता येतो, हा धडा बाबूरावांच्या शिष्यांनी तेथेच गिरविला. १९३७ च्या 'कुंकू'ला आणि १९३९ च्या 'माणूस'ला प्रेक्षकांनी उचलून धरले, तेव्हा गुरूने पेरलेलेच शिष्यांच्या पदरात पडले. स्वतः बाबूरावांनी १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा मांडला. अपयशाने त्यांची श्रद्धा ढळली नव्हती. १९५४ मध्ये ते निवर्तले. मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही, नाव मात्र टिकून आहे.

गल्ल्यावाचून चित्रसंस्था जगत नाही, हे खरेच. पण काल खपले तेच आज पुन्हा काढावयाचे ठरविले, तर उद्याचा प्रेक्षक घडणार कसा? तिकिटाचे पैसे देताना प्रेक्षक केवळ करमणूक विकत घेत नाही. पुढे कोणते चित्रपट निघावेत, याचा कौलही देत असतो. १९२५ मध्ये तो कौल चुकला. त्याची किंमत एका कलावंताने मोजली.