विश्लेषण : तंबोऱ्याची जवारी स्वतः काढणारे अब्दुल करीम खाँ गायक असूनही वाद्यांचे कारागीर कसे झाले?

बेस गिटार वाजवणारी मंडळी दुकानातून आणलेले वाद्य फार दिवस आहे तसे ठेवत नाहीत. कुणी तारा बदलतो, कुणी पिकअप, कुणी पडदे घासून घेतो, तर कुणी लाकूड आणून अख्खी गिटारच तयार करतो. आपल्या संगीतात खर्जाचा आधार देणारे वाद्य म्हणजे तंबोरा. त्याच्या बाबतीत असाच नाद शंभर वर्षांपूर्वी किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मिरजेला खाँसाहेबांनी आपले घर मानले आणि नागपूरशीही त्यांचे श्रद्धेचे नाते होते.

वाद्यांची गोडी कुठून लागली?

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. घराणे वादकांचे आणि गायकांचे. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. गाण्याबरोबर सारंगी, बीन, सतार आणि तबला ही वाद्येही त्यांच्या हातात आली. त्यामुळे वाद्य म्हणजे साथीला कुणीतरी आणून ठेवायची वस्तू, असे त्यांनी कधी मानले नाही. तरुणपणी ते बडोदा दरबारात होते. तेथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदा सोडले. मुंबईनंतर मिरज हे त्यांचे गाव झाले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांचीच मुले.

मिरजच का?

पटवर्धनांच्या मिरज संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या कारागिराने तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. त्यांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्यांचे. तलवारींची मागणी संपत आली, तेव्हा तेच हात भोपळा आणि लाकडाकडे वळले. पंढरपूर परिसरातला वाळवलेला भोपळा, त्यावर दांडी आणि तबली, वर घोडी व खुंट्या असा हा तंबोरा. कारागिरांच्या या गावात खाँसाहेबांसारखा कान असलेला गायक येऊन राहिला. ते स्वतः वाद्ये दुरुस्त करीत आणि त्यासाठी लागणारी हत्यारे जवळ बाळगत. नामवंत गायकाने हातात कानस धरावी, हे त्या काळी सहज दिसणारे दृश्य नव्हते.

जवारी म्हणजे नेमके काय?

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी हलक्या उताराने घासलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून ही टेकण्याची जागा पक्की करतात. धागा केसभर सरकला, तरी आवाज बोथट होतो किंवा चिरका येतो. घोडीचा उतार नेमका साधणे म्हणजेच जवारी काढणे. ती नीट निघाली, की एका तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर ऐकू येतात. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार त्यांपैकीच. किराणा गायकी एकेक स्वर सावकाश उलगडत जाणारी. मागचा तंबोराच कच्चा असेल, तर तिचा पायाच ढासळतो. खाँसाहेबांची कारागिरी त्यांच्या गाण्याची गरज होती, ती यामुळे.

पेटीशी वाद कसला होता?

तंबोऱ्यातून उमटणारा गंधार आणि पेटीचा गंधार एक नसतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या पेटीत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. त्यामुळे पेटीचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, यावरून हा फरक किती ते कळते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी २२ श्रुतींचे मोजमाप हाती घेतले, तेव्हा गाऊन दाखवण्यासाठी खाँसाहेब पुढे झाले. त्यातून श्रुतींची खास पेटी तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय मांडला गेला, पण तेथे एकमत झाले नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांना हे मोजमाप मान्य नव्हते. ती पेटी मैफलीत रुजली नाही. तरी आपला कान काय ऐकतो, हे तपासून पाहायला एक उस्ताद तयार झाला, हे त्या काळात लहान धाडस नव्हते. याच सुमारास त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. सवाई गंधर्व हे त्यांचे सर्वांत नामांकित शिष्य.

नागपूरशी काय नाते?

महाल ही भोसल्यांच्या राजवाड्याची वस्ती. त्याच राजघराण्यातील रघोजीराव भोसले यांनी १९०८ मध्ये ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून शक्करदऱ्याला आणले. या बाबांवर खाँसाहेबांची श्रद्धा होती आणि त्यांच्यापुढे ते गायले. बाबांचे निधन १९२५ मध्ये झाले. आज ताजबागला जाणाऱ्या अनेकांना या दरबारात किराणा घराण्याचे स्वर उमटले होते, याची कल्पना नसते.

अखेर कशी झाली?

१९२२ मध्ये ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. त्यानंतरही खाँसाहेब गात राहिले. मद्रास, म्हैसूरपर्यंत त्यांना श्रोते मिळाले आणि कर्नाटक संगीतातले बरेच काही त्यांनी आपल्या गाण्यात घेतले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर ते उतरले, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारीच्या स्वरांत प्रार्थना करत त्यांनी प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीत महोत्सव होतो.

आज याचा अर्थ काय?

मानांकनामुळे मिरजेच्या नावाने दुसरीकडचा माल विकण्याला आळा बसेल. पण चांगली जवारी मानांकनाने निघत नाही. कारागिराला त्याच्या वाद्यात काय कमी आहे, हे सांगणारा वादक किंवा गायक समोर लागतो. आता बरेच गायक रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावतात. त्यात बिघाड झाला, तर बटण दाबण्यापलीकडे गायकाच्या हातात काही नसते. आपली बेस गिटार उघडून बसणाऱ्या आजच्या तरुणाला मात्र खाँसाहेबांच्या हातातली कानस चटकन ओळखू येईल. मिरजेतील कारागिरांना अशाच गिऱ्हाइकांची गरज आहे.