बाळू पालवणकर : चार जुलैचे स्मरण

जुलै महिन्याची चवथी तारीख येते तेव्हा आर्द्रा नक्षत्र सरत आलेले असते. आमच्या बिलोलीची काळी माती अशा वेळी पायास इतकी चिकटते की, मैदानावर चेंडू टाकणे दूरच, सरळ चालणेही कठीण होते. मुलांचा खेळाचा तास मग वर्गातच, खेळांच्या गोष्टी ऐकण्यात जातो. या तारखेस सांगण्याजोगी एक गोष्ट आहे, व ती आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल, म्हणून ती येथे लिहून ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

क्रीडाजगतातील दोन थोर व्यक्ती या एकाच तारखेस निवर्तल्या. ४ जुलै १९३८ रोजी पॅरिस येथे टेनिसपटू सुझान लेंगलेन वारली. आणि ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत क्रिकेटचे गोलंदाज बाळू पालवणकर वारले. तारखेचा हा योगायोग, त्यापलीकडे त्यात काही नाही. परंतु दोघांची चरित्रे शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट मनास लागून राहते. लेंगलेन लहान असताना तिचा बाप मैदानावर हातरुमाल पसरून ठेवी, आणि नेमका त्यावर चेंडू मारण्याचा सराव तिजकडून करवून घेई. पुढे १९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे व पुन्हा १९२५ साली तिने विंबल्डन जिंकले. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. अवघ्या ३९ व्या वर्षी ती गेली. पण पॅरिसमधील एका भव्य क्रीडांगणास आज तिचे नाव आहे. टेनिसच्या अशाच मैदानांवर पुण्यात चुन्याच्या पांढऱ्या रेषा आखण्याचे काम एक मुलगा महिना चार रुपयांवर करीत असे. तो मुलगा म्हणजे बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, जातीने चर्मकार. त्या काळच्या समाजाने ज्यांस अस्पृश्य ठरविले होते त्यांपैकीच हे एक कुटुंब. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्यास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. शिकविणारा असा कोणी नव्हता. शाळा फार दिवस चालली नाही. घरच्या गरजेपोटी बाळूंस लवकरच कामास लागावे लागले. प्रथम एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे व तीवर रूळ फिरविणे या कामी ते राहिले. पगार दरमहा तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा एक रुपया वाढला.

येथेच त्यांच्या हातातील गुण प्रथम कोणाच्या तरी दृष्टीस पडला. रूळ ओढणाऱ्या या पोराने सरावासाठी चेंडू टाकून पाहावे, असे क्लबातील एका साहेबास वाटले. बाळू डावखुरे होते. चेंडू सावकाश येई, पण खेळपट्टीवर पडताच कोणत्या बाजूस वळेल याचा नेम नसे. कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज तेव्हा पुण्यास होते. जॉन ग्लेनी या त्यांच्या नावाचा अपभ्रंश करून लोक त्यांस जंगली ग्रेग म्हणत. इतर मंडळी येण्यापूर्वी हे गृहस्थ मैदानावर हजर होत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळी ते बाळूंस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, दोघांचाही खेळ या सरावाने सुधारला यात शंका नाही. आमच्या वाचकांस ऐकून नवल वाटेल की, हेच ग्रेगसाहेब सैन्यातून निवृत्त झाल्यावर पुढे रोमन कॅथॉलिक पंथाचे धर्मगुरू झाले.

मात्र इतक्या वर्षांत पूना क्लबाने बाळूंच्या हाती फळी म्हणून दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची, गोलंदाजी चाकराची, अशी वाटणीच होती. खुद्द इंग्लंडातही ती रीत बरीचशी तशीच होती म्हणा.

पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता, व युरोपियनांस हरवावे ही त्याची मोठी हौस. ज्या गोलंदाजावर साहेब स्वतः सराव करतात त्यास आपल्या संघात घ्यावे की नाही, हा प्रश्न त्या क्लबापुढे आला आणि क्लबात दोन तट पडले. बाळूंस घ्यावे असे म्हणणारे काही सभासद तेलुगू भाषिक होते. विरोध होता तो मराठी भाषिक ब्राह्मण सभासदांचा. मांजरेच्या पलीकडे तेलुगू व अलीकडे मराठी अशा आमच्या सीमेवरील मुलुखात या तपशिलाची नोंद मुद्दाम व्हावी असे आम्हांस वाटते. अखेरीस ग्रेगसाहेबांनीच वर्तमानपत्रातून आपले मत प्रकट केले की, असा गोलंदाज गमावणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. बाळूंस संघात प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाला खरा, पण तो मैदानापुरता. चेंडूस सर्वांचा हात लागे. एकाने टाकलेला चेंडू दुसरा झेली, तिसरा परत देई, तेथे विटाळ आड येत नसे. खेळ थांबून चहाची वेळ झाली की सारे आत जात आणि बाळू बाहेर उभे राहात. त्यांचा चहा मातीच्या मडक्यातून बाहेर येई, व पिऊन झाल्यावर ते मडके फेकून देण्यात येई. जेवणाचे ताट निराळे, जागा निराळी. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास क्लबाच्या नोकरांपैकी त्यांच्यासारख्याच एखाद्याने ते आणून द्यावयाचे. अर्ध्या तासापूर्वी ज्याच्या गोलंदाजीवर संघ जिंकत होता त्याच मनुष्यास हे सोसावे लागे. बाळूंनी यावर त्या काळी मोठा तंटा केल्याचे दिसत नाही. ते चहा पीत आणि पुन्हा चेंडू हाती घेत.

एकदा हा संघ सातारच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळावयास गेला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती टणक करून ठेविली होती. खेळपट्टीच्या कामातच ज्याचे बालपण गेले त्याच्याशी हा डाव कसा साधावा! बाळूंनी सात गडी बाद केले व पुणेकर सहज जिंकले. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत बाळूंस हार घातला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कोणती, असे पुणेकरांस विचारले. तेव्हापासून क्लबातील बंधने हळूहळू सैल होऊ लागली.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्या धामधुमीत बाळूंचे बिऱ्हाड मुंबईस गेले. रेल्वेत नोकरी लागली व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात खेळावयास मिळू लागले. तेथेही आरंभी कुरकुर झाली, पण मुंबईची हवा पुण्याहून मोकळी. थोड्याच काळात पालवणकर बंधू जिमखान्याच्या उपाहारगृहात इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू व युरोपियन यांचा गाजलेला सामना झाला. हिंदूंनी तो शंभराहून अधिक धावांनी जिंकला. दोन डावांत मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले होते. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर झाला. इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने मात्र निराळा मुद्दा काढला. जातीची बेडी सैल केल्यावाचून हा विजय मिळता ना, हे त्याने वाचकांच्या नजरेस आणून दिले.

१९११ साली हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार. वय अवघे एकोणीस. संघात पारशी, हिंदू व मुसलमान असे तिन्ही समाजांचे खेळाडू होते, व त्यांत बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू होते. महाराजांचे लक्ष खेळाहून मेजवान्यांकडे व दरबारी भेटीगाठींकडे अधिक होते. आरंभीचे सामने संघ एकामागून एक हरत गेला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० हरले, २ अनिर्णित राहिले, २ जिंकले. या पडत्या काळात संघाची अब्रू बाळूंनी राखली. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८ गडी. लेस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून ११ गडी, व त्या बळावर दौऱ्यातील पहिला विजय. सॉमरसेटविरुद्धचा दुसरा विजय एक गडी राखून मिळाला, आणि त्यात शिवरामांनी नाबाद ११३ धावा केल्या. साऱ्या दौऱ्यात बाळूंनी १०० हून अधिक गडी बाद केले; त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. वय पस्तिशीला आलेले, हवा परकी, आणि जवळजवळ प्रत्येक सामन्यात गोलंदाजीचा मुख्य भार त्यांच्यावर. ऐन पंचविशीत हा मनुष्य इंग्लंडास गेला असता तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

पालवणकर बंधू एकंदर चार : बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल. १९१३ च्या चौरंगी सामन्यांत हे चौघेही हिंदूंच्या बाजूने खेळले. एका घरातील चौघे भाऊ एका संघात, हे दृश्य विरळाच! पण संघाचे कर्णधारपद या घराकडे येईना. बाळू सर्वांत वडील, सर्वांत यशस्वी. तरी दरवर्षी नाव दुसऱ्याचे निघे. म. द. पै हे कर्णधार मोठ्या मनाचे गृहस्थ होते. आपणांस मिळालेला मान वस्तुतः बाळूंचा आहे, असे त्यांनी एका समारंभात उघडपणे सांगितले. १९२० साली तर बाळूंस प्रथम संघातूनच वगळण्यात आले, आणि पै आजारी असल्यामुळे रिकामी झालेली कर्णधाराची जागा विठ्ठलांस न देता दि. ब. देवधर यांस देण्यात आली. देवधर हे थोर खेळाडू होते व निवड त्यांची त्यांनी केली नव्हती. आक्षेप होता तो निवड करणाऱ्यांवर. जातीपायी हा अन्याय होत आहे असे जाहीर करून विठ्ठल व शिवराम संघातून बाहेर पडले. इतकी वर्षे जे घर मुकाट्याने सोशीत आले होते ते प्रथमच बोलले. लोकमत त्यांच्या बाजूने उठले. पुढच्या सामन्यास पै परतले, भाऊ परतले, बाळूंस उपकर्णधार नेमले. आणि सामना चालू असता पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्या वेळापुरते हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हा मान त्यांस इतकाच लाभला.

१९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांस हरविले, आणि लोकांनी विठ्ठलांस खांद्यावर घेऊन मिरविले. विठ्ठलांनी पुढे माझे क्रीडा-जीवन नावाचे आत्मचरित्र लिहिले; ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आमची बिलोली निजामाच्या राज्यातून मुक्त झाली.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, सरासरी १५ धावांस एक, असा बाळूंचा हिशेब आहे. हिंदुस्थानास कसोटी सामने खेळावयास मिळाले ते १९३२ साली. तोपर्यंत बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते.

त्याच १९३२ साली त्यांचे नाव निराळ्या कारणाने गाजले. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नसावेत, या प्रश्नावर महात्मा गांधींनी येरवड्यास उपोषण आरंभिले. बाळूंचे मत गांधींच्या बाजूस होते. आंबेडकरांचे मन वळविण्याची खटपट करणाऱ्यांत मद्रासचे एम. सी. राजा यांजबरोबर तेही होते, व २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. पुढे १९३५ साली येवल्यास आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला, तोही बाळूंस मानवला नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांच्या विरुद्ध बाळूंसच उभे केले. ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी मानपत्र लिहिले व ज्यास ते मिळाले, असे दोघे एकमेकांसमोर आले. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. बाळू हरले. दोघांपैकी कोणाचा मार्ग बरोबर होता, याविषयी मोठी माणसे अद्यापि वाद घालतात. आम्ही त्यात शिरत नाही. एवढे मात्र म्हणतो की, मडक्यातील चहा ज्याने प्याला त्याचे मत हलके लेखण्याचा अधिकार इतरांस नाही.

यानंतरची वर्षे शांतपणे गेली. १९५५ च्या मे महिन्यात संसदेने अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचा कायदा संमत केला. सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी जातीच्या कारणाने कोणास वापरू न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. १ जून रोजी तो अंमलात आला. त्यानंतर महिन्याभराने, ४ जुलैस, बाळू पालवणकर मुंबईस वारले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.