बॅगट रस्त्यावरचे घर

आयर्लंडमध्ये युरो येण्यापूर्वी पाच पौंडांची जी नोट चालत असे, तिच्यावर एका ख्रिस्ती जोगिणीचे चित्र होते. ही नोट १९९४ साली निघाली. हाती आलेला पैसा ज्यांनी दुसऱ्यांसाठी संपवला, त्यांचाच चेहरा पैशावर छापला जावा याची आम्हांला गंमत वाटते. त्यांचे नाव कॅथरीन मॅकॉली. (हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षण आणणारा मेकॉले तो वेगळा. त्याचा यांच्याशी संबंध नाही.)

मराठी आगमनाच्या स्मरणिकेत डब्लिनच्या बाईंचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. लॉरेटोच्या जोगिणी १८४५ साली आयर्लंडहूनच मॉरिशसला आल्या आणि पुढे आपल्या कित्येक मुली त्यांच्या शाळांत शिकल्या. कॅथरीनबाईंचा संघ निराळा, पण शहर तेच आणि काळही तोच. मात्र खरे कारण दुसरे आहे. देवाच्या नावाने चाललेल्या कामाला लोक पैसा आणि वेळ का देतात, हा प्रश्न वर्गणीची वही हातात धरली की आपल्यालाही पडतो.

कॅथरीनबाईंचा जन्म १७७८ सालचा, डब्लिनचा. वडील सुखवस्तू होते. रविवारी ते आसपासच्या गरीब मुलांना जमवून धर्माचे धडे देत. आईला हे फारसे रुचत नसे. वडील लवकर वारले, पुढे आईही गेली, आणि घरची पोर नातेवाइकांच्या आधाराला आली. पुढची वीसेक वर्षे त्या कॅलहन नावाच्या निपुत्रिक, श्रीमंत, प्रॉटेस्टंट जोडप्याच्या घरी कारभार पाहत आणि सोबत करीत राहिल्या. स्वतः कॅथलिक, पण अन्नदाते दुसऱ्या पंथाचे. परक्याच्या छपराखाली आपली श्रद्धा सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

१८२२ साली कॅलहनसाहेब वारले आणि जवळजवळ सगळी इस्टेट, सुमारे २५,००० पौंड, कॅथरीनबाईंच्या नावे झाली. त्या वेळी त्यांचे वय ४४ होते. लग्न केलेले नव्हते. उरलेले आयुष्य आरामात काढता आले असते.

चरित्रकार एक हकीगत सांगतात. एक मोलकरीण मालकाच्या त्रासाला घाबरून आसरा मागत आली. कॅथरीनबाई तिला घेऊन एका धर्मादाय घराकडे गेल्या, तर उत्तर मिळाले की समितीची बैठक होईपर्यंत प्रवेश देता येणार नाही. बैठक होईपर्यंत मुलगी हातची गेली. हे वाचताना आमच्यापैकी काहींनी माना खाली घातल्या. मदतीचा अर्ज पुढच्या सभेवर ढकलणे आम्हांलाही चांगले जमते.

कॅथरीनबाईंनी समिती नेमली नाही, घर बांधले. तेही गरीब वस्तीत नाही, तर बॅगट रस्त्यावर, सधन लोकांच्या शेजारी. २४ सप्टेंबर १८२७ रोजी ते उघडले. गरीब मुलींची शाळा आणि काम शोधायला आलेल्या तरुण मोलकरणींना राहायची जागा, अशी सोय तिथे होती. शेजाऱ्यांची कुरकुर झाली. एका धर्मगुरूने तर पत्रावर पुरुषाला लावतात तशी पदवी लावून त्यांचे नाव लिहिले. नवरा नाही, मठ नाही, आणि बाई संस्था चालवते, हा त्याचा टोमणा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इस्टेट मोठी असली तरी शेकडो मुलींचे जेवण, शाळा आणि कपडे यांना ती पुरेना. मग दरवर्षी बाजार भरवायचा, देवळात दानासाठी खास प्रवचन ठेवायचे, दारोदार मागायचे असे सुरू झाले. लोकांनी दिले. का दिले? पुण्य हे एक कारण झालेच. पण कॅथलिकांनी कितीतरी पिढ्या जाचक कायद्यांखाली काढल्या होत्या, पार्लमेंटात बसण्याची मोकळीक त्यांना १८२९ साली मिळाली. अशा समाजाला आपल्या पैशाने उभे राहिलेले घर भर रस्त्यावर दिसणे, ही साधी गोष्ट नव्हती. त्या लढ्याचे पुढारी डॅनियल ओकॉनेल गरीब मुलांच्या नाताळच्या जेवणाला बॅगट रस्त्यावर येऊन वाढायला उभे राहत. वाढणाऱ्याच्या पंगतीला बसावेसे कोणाला वाटणार नाही?

दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. चांगल्या घरच्या मुली तिथे सकाळी येऊन शिकवीत आणि संध्याकाळी घरी परतत. त्यांना मोबदला नव्हता. घरात बसून शिवणकाम करण्यापलीकडे त्या काळी त्यांना काम नव्हते. इथे त्यांची गरज होती. पुढे त्यांतल्या काही तिथेच राहिल्या. १८३१ साली ५३ वर्षांच्या कॅथरीनबाईंनी सिस्टर्स ऑफ मर्सी हा संघ स्थापन केला तो याच सोबतिणींना घेऊन. जोगीण होण्याची त्यांना मुळात हौस नव्हती, पण घर टिकवायचे तर दुसरा मार्ग दिसेना.

पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये पटकीची साथ आली. टाऊनसेंड रस्त्यावरच्या तात्पुरत्या रुग्णालयात या भगिनी पाळीपाळीने काम करू लागल्या. लोक रुग्णालयाच्या नावानेच पळत. तिथे आई गमावलेले एक तान्हे मूल कॅथरीनबाईंनी शालीत गुंडाळून घरी आणले आणि आपल्याच खोलीत निजवले. अशा गोष्टी गावभर होतात, आणि मग वर्गणी मागणारीला दार उघडते. पुढे कार्लो गावात चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या एका साध्या माणसाने आपली शिल्लक या कामासाठी ठेवली.

त्याच दशकात, १८३४ मध्ये, पहिले गिरमिटिये मॉरिशसला उतरले. महिना ५ रुपये, आणि एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अशा पगारातून देवासाठी पैसा बाजूला काढणे आणि सुटीचा एकुलता दिवस बैठकीच्या कामाला देणे, याचा हिशेब डब्लिनच्या बाजारातल्या देणग्यांपेक्षा मोठाच निघेल.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. कॅथरीनबाईंनंतर संघ फार वाढला. नाइटिंगेलबाईंबरोबर क्रिमियात गेलेल्यांत त्याच्या भगिनी होत्या, डब्लिनचे मातेर रुग्णालयही त्यांनीच १८६१ मध्ये उघडले. पण विसाव्या शतकात आयर्लंडच्या ज्या अनाथ व औद्योगिक शाळांत मुलांचे हाल झाले, त्यांत या संघाच्याही शाळा होत्या. २००९ च्या सरकारी चौकशी अहवालाने ते उघड केले. ज्यांनी विश्वासाने पैसे टाकले होते त्यांना काय वाटले असेल? दान देणाऱ्याने आत जाऊन पाहण्याचा हक्क सोडू नये, असे आमचे मत आहे.

स्वतः कॅथरीनबाईंनी तर दुःखच फार पाहिले. बहीण गेली, मेहुणा गेला, त्यांची पाच मुले त्यांनी सांभाळली, आणि त्यांतल्याही दोघी भाच्या डोळ्यांदेखत गेल्या. किती तरुण भगिनी क्षयाने आणि तापाने दगावल्या. तरी त्या थट्टामस्करी करीत, प्रवासातल्या फजित्या पत्रांतून रंगवून लिहीत.

११ नोव्हेंबर १८४१ ला त्या गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी एका भगिनीला बजावून सांगितले की आपण गेल्यावर जागून थकलेल्या सगळ्याजणींना चांगला चहा करून द्यावा. गरिबांना पुरतात तसे साध्या मातीत पुरावे अशी त्यांची इच्छा होती, म्हणून बॅगट रस्त्यावरच्या त्या घराच्या बागेतच त्यांना माती दिली. घर अजून उभे आहे.